गिटारचा सोनेरी साज

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गिटारचे वेड लागले ते १९७१च्या सुमारास. 'दम मारो दम' या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, हे त्या वेळी आम्हाला ठाऊकही नव्हते. पुढे दादाने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि मालाडच्या गणेशोत्सवांतले ऑर्केस्ट्रे गाजवले. दादा आता नाही. गेल्या वर्षी त्याची मुलगी ती गिटार घेऊन माझ्याकडे आली. आमचे घर ऑर्लेमच्या बाजूला. मार्व्याकडून येणारी खारी हवा कुठल्याही धातूला सोडत नाही. पिकअपची कव्हरे पार काळवंडली होती. "काका, सोसायटीच्या गणपतीत मी ही वाजवणार आहे. तेवढी ही कव्हरं सोनेरी करून द्या ना!"

मला रेडिओ दुरुस्तीचा नाद, त्यामुळे लगेच हो म्हणालो.

पिकअप म्हणजे तारांखाली दिसणारी ती चपटी डबी. तिच्यात लोहचुंबक असते आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ती ॲम्प्लिफायरकडे जाते. पण हेच वेढे घरातल्या विजेची घरघरही पकडतात. ट्यूबलाइटजवळ गिटार नेऊन पाहा! १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी शेजारी ठेवून ही घरघर परस्पर जिरवली. हाच तो हंबकर. वर धातूचे कव्हर घातले, तेही बाहेरचा उपद्रव अडवण्यासाठी.

हे कव्हर जर्मन सिल्व्हरचे असते. गावाकडे आपण 'जर्मन'चे पातेले म्हणतो ते ॲल्युमिनियमचे, हे निराळे. तांबे, निकेल आणि जस्त यांचे हे मिश्रण. चांदी फक्त नावापुरती.

मी ओळखीच्या कारागिराकडून नवी कव्हरे करून घेतली, वर सोनेरी मुलामा. लोखंडी कव्हर चुंबकाचा जोर खाऊन टाकते, एवढे मला माहीत होते. म्हणून फ्रिजवरचे चुंबक लावून पाहिले. चिकटले नाही. मी खूश! कव्हरे डाग देऊन बसवली. पुतणीने दोन सूर छेडले आणि थांबली. "काका, हा बाबांच्या गिटारचा आवाज नाही."

खरेच नव्हता. वरचे चमकदार सूर कांबळ्याखाली गेल्यासारखे झाले होते. माझी कव्हरे पितळेची होती. पितळेला चुंबक चिकटत नाही, पण त्यातून वीज जर्मन सिल्व्हरपेक्षा फार सहज वाहते. त्यामुळे कव्हरातच विजेचे लहान लहान भोवरे उठतात आणि उंच सूर तिथेच विरतात. शिवाय आवाज वाढवला की शिट्टी वाजू लागे. कव्हराखालच्या पोकळीत मेण भरायचे मी विसरलो होतो. (हे मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही. ते पेट घेऊ शकते, आणि फार तापले तर आतले प्लास्टिक वाकते.)

मग शोभा करायचीच नाही का? करा की. १९६०च्या दशकात अनेक वादकांनी आवाज अधिक खुलावा म्हणून कव्हरे काढूनच टाकली आणि आतल्या रिळांचे रंग दिसू लागले. कुठे दोन्ही काळी, कुठे एक काळे आणि एक मलईच्या रंगाचे. या दुरंगी जोडीला झेब्रा म्हणतात. काळे प्लास्टिक कमी पडले म्हणून कारखान्यात मलई रंगाचे वापरले गेले, असे सांगतात. पुढे दोन्ही रिळे मलई रंगाची असणे ही डिमार्झिओ कंपनीने अमेरिकेत आपली खूण म्हणून नोंदवून घेतली! आमच्या खाऱ्या हवेत मात्र उघडी रिळे मला नकोशी वाटतात.

नवे कव्हर घेणारच असाल तर धातू कोणता हे विचारा आणि पहिल्या भोकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. कुठे हे अंतर ४९-५० मिलिमीटर असते, कुठे ५२-५३. एवढ्या फरकाने कव्हर बसत नाही. पिकअपभोवतीची चौकट आणि आवाजाची बटणे प्लास्टिकची असतात. त्यांना हवा तो रंग द्या, आवाजाला धक्का लागत नाही.

आम्ही तेच केले. चौकटी हस्तिदंती, बटणे सोनेरी. दादाची जुनी कव्हरे मऊ फडक्याने पुसून परत बसवली, या वेळी मेणासकट. एका कव्हरावर त्याचा हात टेकून टेकून मुलामा उडालेला आहे. पुतणी म्हणाली, "तेवढं राहू दे."