यवतमाळचा पाऊस कमी नाही

‘आमच्याकडे पाऊसच नाही, साठवायचं काय?’ २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटलेली ज्यांनी पाहिली, त्यांना असे वाटणे साहजिक आहे. पण जिल्ह्यात वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी अडवण्याच्या कामासाठी नावाजलेले राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, तिथे याच्या जेमतेम निम्मा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एखाद्या सामुदायिक बागेतल्या १०० चौरस मीटर पत्र्याच्या छपरावरून, वीस टक्के वाया गेले तरी, वर्षाला ७२ हजार लिटर मिळते. अडचण एवढीच की ते चार महिन्यांतल्या मोजक्या झडींत येते. दहा हजार लिटरची टाकी जुलैतच भरून वाहू लागते. बाकीचे पाणी जमिनीतच ठेवावे लागते.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: ‘खड्डा खणला की पाणी मुरतं.’ काळ्या मातीत मुरत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. मग पाणी वर साचते, मुळे कुजतात, आणि दोष मात्र पाणी मुरवण्याच्या योजनेला मिळतो. शोषखड्डा माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. त्याखालचा काळा पाषाण पाणी धरतो ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. त्या भेगा सातबारा पाहून जात नाहीत. आपण जिरवलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत निघू शकते, म्हणून हे काम एकट्याने करण्यापेक्षा शिवाराने करावे.

छपराचा पाइप थेट बोअरमध्ये सोडणे हा तर शुद्ध आळस. पाला, पक्ष्यांची विष्ठा, गाळ सगळे खाली जाते. आधी दगड, खडी, वाळूचा गाळणथर हवा.

हे सगळे करायला माणसे हवीत. माजी सैनिकांचे नाव काढले की ऐकू येते: ‘माजी सैनिक बागेत काय करणार? फाटकावर बसवा.’ प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियन याला उत्तर आहेत. पहिली १९८२ मध्ये उभी राहिली आणि तिने मसुरीच्या चुनखडी खाणींनी उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडे लावली. २०१७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत आलेल्या १३६ व्या बटालियनने मराठवाड्यात झाडे लावण्याचे तेच काम हाती घेतले. या तुकड्यांत मुख्यतः निवृत्त जवानांनाच पुन्हा पगारी नेमतात. रोप लावणे सोपे. पावसाळ्याआधी चर खणून तयार ठेवणे आणि एप्रिल-मेमध्ये पाळी न चुकवता पाणी घालणे अवघड. तिथे शिस्त कामी येते.

राहिला पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे, आणि ‘उकळलं की पाणी चांगलं’ हा समज तिथे घातकच. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही; पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असते. पहिल्या सरी सोडून द्याव्यात, नंतरचे पाणी गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे. हे पाणी मात्र उकळूनच प्यावे.