नाटकाचा कपडेपट घरच्या घरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेत नाट्य-कार्यशाळा होते. तिचे पहिले चार दिवस संवाद पाठ करण्यात जात नाहीत. मुले कागद भिजवतात, पुठ्ठे कापतात, जुनी लुगडी नेसून पाहतात. ‘नाटक शिकवायचे सोडून हे काय चालले आहे?’ असे काही पालकांनी विचारले आणि विश्वस्तांच्या बैठकीतही हा विषय निघाला. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पांढुर्णा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. तरी चांगला कपडेपट भाड्याने हवा असला की आपण नागपूरच गाठतो. भाडे पालकांनी भरायचे. मग शिवाजी महाराज कोण होणार हे आवाजावरून ठरत नाही, खिशावरून ठरते. ज्याला भाडे झेपत नाही त्याच्या वाट्याला झाड किंवा द्वारपाल. शाळेत असे होऊ नये, एवढ्यासाठी आपण सामान स्वतः करतो.

मुकुटासाठी संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. दोऱ्याने डोक्याचा घेर मोजावा आणि पट्टी तीन सेंटीमीटर जास्त कापावी. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील अशी पट्टी घेतली तर ती न मोडता गोल वळते. आडवी घेतली की जागोजागी घड्या पडतात. हे सांगून पटत नाही, मुलांनी एक पुठ्ठा वाया घालवला की पटते!

मुखवट्याला वेळ लागतो. मातीचा साचा करायचा, त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा द्यायचा, म्हणजे मुखवटा मातीला चिकटत नाही. पुढचे सहा-सात थर मैद्याच्या किंवा चिंचोक्याच्या खळीने. आपल्या मे महिन्यात वाळायला अडचण नाही, पण सावलीत ठेवावा, कडक उन्हात तो वाकडा होतो. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. ते विषारी आहे, मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. खळ रोज ताजी करावी, सोपे काम आहे.

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मोठे मुखवटे लावून सोंगे नाचतात. तिथे वाद्य आणि नाच यांवर खेळ चालतो, पूर्ण चेहरा झाकला तरी बिघडत नाही. आपल्या मुलांना मात्र बोलायचे असते. म्हणून मुखवटा नाकाखाली कापावा, नाहीतर आवाज आतच राहतो आणि मागच्या रांगेतल्या आजीला काही कळत नाही.

लुगडे कापायचे नाही, हा आमचा नियम. नऊवारी दुमडून, काष्टा घालून, टाके मारून मुलीच्या मापाचे करता येते. खेळ झाला की टाके उसवून आईचे लुगडे आईला परत. धोतर, शेला, मुंडासे हे सारे जुन्या साडीतून निघते. होळीच्या सुमारास वेचून वाळवलेली पळसाची फुले उकळली आणि कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढले, तर छान पिवळा-केशरी रंग चढतो.

दाढी-मिशीला कापूस लावू नये, तो चटकन पेट घेतो. अंबाडीचा वाख बरा दिसतो, पण जळतो तोही. म्हणून रंगमंचावर खरा दिवा, उदबत्ती काहीही नको. तलवारी वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळीच्या, टोक बोथट. लाकडी पट्टी आणली तर ती जप्त होईल.

एक गोष्ट मला विशेष वाटली. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, आपली बरीच मुलेही शाळेबाहेर हिंदीच बोलतात. खळ, वाख, निऱ्या, काष्टा हे शब्द त्यांना पुस्तकातून आले नाहीत. ते आले मुंडासे बांधून दाखवणाऱ्या आजोबांकडून आणि निऱ्या मोजून घेणाऱ्या आजीकडून. त्यामुळे यंदा आजी-आजोबांना रीतसर बोलावत आहोत.

मुंबईत सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटरतर्फे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मुलांचे नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतकेच नीट सजवावे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे त्यांच्यासारखी साधने नाहीत, पण नीटनेटकेपणाला पैसे लागत नाहीत.

विश्वस्तांना विनंती एकच, एक मोठी लोखंडी पेटी मिळावी. मुकुट-मुखवटे कडुनिंबाचा पाला घालून तिच्यात ठेवता येतील आणि तान्ह्या पोळ्याला सोंगे घेणाऱ्या मुलांना तेच देता येतील. पालकांनी पहिल्या दिवशी मुलांबरोबर जुनी वर्तमानपत्रे, एक खोके आणि एक जुने लुगडे किंवा साडी पाठवावी. लुगड्याच्या पदराला आतून दोऱ्याने नाव शिवावे, म्हणजे परत देताना अदलाबदल होणार नाही.