तांब्याची तार महाग का झाली?

आमचा मळा वरसे गावात आहे. यंदा विहिरीवरची मोटर जळाली. भेंडी सुकायला लागली. बाबांनी मोटर रोह्याला भरायला नेली. मीपण गेले. मोटर भरणे म्हणजे आतली जळकी तार काढून नवी तार गुंडाळणे. ती तार तांब्याची असते, कारण तांब्यातून वीज सहज वाहते.

दुकानातल्या काकांनी पैसे सांगितले. बाबा म्हणाले, "अहो, मागच्या खेपेला एवढे नव्हते!" काका म्हणाले, "मी तरी काय करू? तांबं महागलंय."

मी शाळेत बाईंना विचारले. त्यांनी नकाशा दाखवून सांगितले. जगात सर्वांत जास्त तांबे चिली देशातल्या खाणींतून निघते. जगातले व्यापारी लंडनच्या बाजारातला भाव धरतात. तो मे २०२४ मध्ये टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातील ग्रासबर्ग खाणीत चिखल घुसला. सात कामगार मरण पावले. खाण बंद ठेवावी लागली आणि भाव पुन्हा चढला. शिवाय विजेच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त तांबे लागते. आपला देशही पुष्कळ तांबे बाहेरून घेतो.

शुद्ध तांब्याची आधी करंगळीएवढी जाड कांब करतात. अशा कांबी करायला आपल्या रायगड जिल्ह्यात तळोज्याला १९८९ साली कारखाना निघाला. कांब ओढून ओढून बारीक तार करतात. ती दुकानात येते. वाटेत जो तो वाढलेला भाव पुढच्याकडून घेतो. शेवटी तो आमच्या बाबांवर आला.

मला वाटले, आता मोबाइलपण खूप महागणार. काका म्हणाले, "मोबाइलात तांबं चिमूटभर. मोटरला ते किलोने लागतं." म्हणून मोटरला झळ जास्त.

घरी आजीने माहेरचा तांब्याचा हंडा काढला. म्हणाली, "हा मोडीत घाला, पण भेंडी वाचवा." बाबा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी काकांनी आमची जळकी तार काट्यावर ठेवली. तिलाही चांगला भाव आला! तांबे वितळवून पुन्हा वापरता येते ना! तेवढे पैसे कमी झाले. बाकीचे भेंडी विकून द्यायचे ठरले. हंडा फळीवरच राहिला.

मित्रांनो, तुटकी वायर आणि बिघडलेला चार्जर फेकू नका. जाळूही नका, तो धूर वाईट असतो. भंगारवाल्याला द्या. त्यातही तांबे आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी