आंबट एकीकडे, खार दुसरीकडे

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात घराघरांतल्या मोरीचं रूप प्रयोगशाळेसारखं होतं. एका कोपऱ्यात संडासाचं अ‍ॅसिड, शेजारी ब्लीच, खिडकीत सोड्याचा डबा, आणि फोनवर मावसबहिणीने पाठवलेला फसफसणाऱ्या फेसाचा व्हिडिओ. या सगळ्यातून जे घोटाळे होतात, त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. हातातली वस्तू आंबट आहे की खार, हे कुणी पाहत नाही.

पूर्वी तेलकट भांड्याला चुलीतली राख लावत आणि पितळेच्या घागरीला चिंच. राखेतला खार तेलाशी मिळून साबणासारखं काम करतो. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवतं. तुपाची कढई नुसत्या चिंचेने कितीही घासली तरी ओशटच राहणार. आज राखेच्या जागी साबण आणि सोडा आले, चिंचेच्या जागी व्हिनेगर आणि अ‍ॅसिड आलं. रसायन मात्र तेच राहिलं.

‘दोन्ही टाक, म्हणजे लख्ख निघेल’

सगळ्यात धोक्याचा गैरसमज हाच. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तो हाच वायू. आपल्या मोरीत त्याचं प्रमाण अर्थातच फार कमी असतं, पण मोरीही चार बाय चारचीच असते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे खाली साचतो. आपल्याकडे संडासाची झडपेची खिडकी छताजवळ आणि घासणारी बाई उकिडवी बसलेली, म्हणजे वायू आणि नाक एकाच पातळीवर.

ब्लीचचं अमोनियाशीही पटत नाही. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, आणि त्याच्याशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. डोळे चुरचुरायला लागले, घशात ठसका बसला, तर ‘एवढं घासून होऊ दे’ म्हणत तिथे थांबू नका. दार उघडं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या, आणि पाणी ओतायला म्हणून लगेच परत आत जाऊ नका. खोकला किंवा छातीतली घुसमट थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती दोन बाटल्या देताना हे त्यांना सांगणं आपलं काम आहे. बाटलीवरची बारीक इंग्रजी सूचना त्यांनी वाचली असेल, असं धरून चालू नये.

‘सोडा आणि व्हिनेगर, फेस आला की घाण गेली’

फेस दिसायला झकास असतो. पण सोडा खार आणि व्हिनेगर आंबट, त्यामुळे दोघं एकमेकांना मारून टाकतात. हाती उरतं सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं मीठ विरघळलेलं पाणी, आणि उडून जातो तो कार्बन डायऑक्साइड. चहाच्या चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम खाण्याच्या सोड्याची शक्ती संपवायला ४ टक्क्यांचं सुमारे ९० मिली व्हिनेगर पुरतं. त्या दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापरल्या असत्या तर दोन कामं झाली असती: ओट्यावरचा तेलकट चिकटा सोड्याने निघाला असता, नळावरची पांढरी पुटं व्हिनेगरने. बेसिन तुंबलं असेल तर आत बहुधा केसांचा गुंता आणि गोठलेलं तूप असतं, आणि ते बुडबुड्यांना दाद देत नाही. रबरी पंप मारा, जाळी काढून केस ओढा. उकळतं पाणी मात्र प्लास्टिकच्या पाइपात ओतू नका, पाइप मऊ पडतो.

‘लिंबू आहे, त्याने काय होणार?’

फरशी खराब होणार. संगमरवर, शहाबादी आणि कोटा या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पडलं की तो विरघळतो. संगमरवरावर लिंबाचा थेंब राहिला की जो फिकट, निस्तेज डाग दिसतो, तो डाग नसतोच. तिथला दगडच वरवर खाल्ला गेलेला असतो. म्हणून तो पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. जुन्या चाळींतल्या आणि बंगल्यांतल्या मोझॅइक फरश्यांत संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसवलेली असते, आणि अ‍ॅसिड दोन्ही खातं. ‘अ‍ॅसिड मारून’ घेतलेली फरशी पहिल्या दिवशी चमकते, मग खरखरीत होते आणि पूर्वीपेक्षा जास्त मळ धरते. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाची एवढी भीती नाही.

गंमत अशी की बोअरच्या पाण्याने नळावर धरलेली पांढरी पुटंही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबाच्या ज्या गुणाने नळ सुटतो, त्याच गुणाने फरशी जाते. नळालासुद्धा दहा-पंधरा मिनिटांत धुवून टाका. रात्रभर फडकं गुंडाळून ठेवलंत तर वरच्या चकचकीत मुलाम्याचं नुकसान होऊ शकतं.

हिंडालियमच्या कढईची गोष्ट उलटी. तिला खार सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने ती काळवंडते, आणि लिंबाच्या साली घालून पाणी उकळलं की पुन्हा उजळते.

फिनेलच्या वासाबद्दल फार बोलायला नको. वास येतो म्हणजे वास टाकला आहे, एवढंच. पहिल्या खोलीत काळं झालेलं बादलीतलं पाणी शेवटच्या खोलीपर्यंत फिरवलं, तर टोपणभर जास्त फिनेल टाकून काही साधत नाही. साबणाचंही तसंच: जास्त झालेला साबण फरशीवर वाळतो, मेणचट थर धरतो, आणि संध्याकाळपर्यंत पावलांचे ठसे उमटतात.

जंतुनाशक शिंपडून लगेच पुसणं ही मात्र सवयच होऊन बसली आहे. जंतू मरायला वेळ लागतो. कुठे एक मिनिट, कुठे दहा, ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि तेवढा वेळ जागा ओली राहावी लागते. त्याआधी साबणपाण्याने मळ काढावा, कारण मळातच औषधाची बरीच शक्ती खर्च होते. ब्लीच पातळ करायचं तर गार पाण्यात आणि त्या दिवसापुरतंच. गरम पाण्यात ते लवकर निकामी होतं. स्टीलच्या सिंकमध्ये ते साचू देऊ नका, बारीक खड्डे पडतात.

आणि उरलेलं अ‍ॅसिड मूळ बाटलीतच राहू द्या. जागा वाचते म्हणून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून मोरीच्या कठड्यावर ठेवणारी घरं अजून आहेत, आणि त्या कठड्यापर्यंत तीन वर्षांच्या मुलाचा हात पोहोचतो.