ऐकलेला आवाज, राखलेला आवाज

माणगाव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे परिषद भरली. बाबासाहेब बोलले, राजर्षी शाहू महाराज बोलले. पण त्या दिवशीचा आवाज कुणालाच ऐकता येत नाही. उलट १९५५ साली बाबासाहेबांनी बीबीसी रेडिओला इंग्रजीत दिलेली मुलाखत आज शाळकरी मुलगीही मोबाईलवर ऐकू शकते, कारण तिचे ध्वनिमुद्रण सांभाळले गेले. जतन केले आणि न केले, यांतले अंतर एवढे मोठे आहे.

आज भीमगीते, धम्मप्रवचने, जयंतीची भाषणे इंटरनेटवर मिळतात. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एका बोटावर येतो. त्यामुळे घरोघरच्या जुन्या कॅसेट अडगळीत गेल्या. पण इंटरनेटवर ऐकू येते म्हणजे ते आपल्या घरी आहे, असे नव्हे. हा आवाज नळाच्या पाण्यासारखा असतो. लहान लहान तुकड्यांत येतो, वाजतो आणि पुसला जातो. ज्याने तो तेथे ठेवला, त्याने काढून घेतला की आपला नळ कोरडा. अनेक अ‍ॅपमधले ‘डाउनलोड’सुद्धा त्या अ‍ॅपपुरतेच असते, वर्गणी संपली की गाणे बंद.

मग काय करावे?

पहिली वाट सरळ आहे. ज्या मंडळाने किंवा कलावंताने ते ध्वनिमुद्रण ठेवले आहे, त्यांच्याकडे मूळ फाईल मागा. ती सर्वांत स्वच्छ असते आणि परवानगीचा प्रश्नही तेथेच सुटतो. गायक, वादक आणि कंपनी यांचे हक्क कायद्याने राखलेले असतात. कलावंताच्या पोटावर पाय देऊन केलेले जतन आपल्याला शोभणारे नाही.

फाईल मिळत नसेल, पण संमती असेल, तर संगणकात वाजणारा आवाज संगणकातच नोंदवता येतो. ‘ऑडॅसिटी’ हा कार्यक्रम फुकट मिळतो. विंडोजवर त्यात ‘वासापी’ निवडून ‘लूपबॅक’ लिहिलेले साधन घ्यावे. बाकीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, नाहीतर प्रवचनात मेसेजची टिंगटिंग उमटते. एक तासाचे भाषण नोंदवायला एक तास लागतो. आवाजाची पट्टी लाल रेघेला लागू देऊ नये.

जपायची प्रत ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवावी. सीडीच्या दर्जाचा वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. फ्लॅक त्याहून कमी जागेत तोच आवाज ठेवतो. ‘एमपी-थ्री’ आणखी लहान, पण ती आवाजाचा काही भाग कायमचा गाळते. गाळलेला भाग पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही. म्हणून एमपी-थ्री वाटपासाठी ठेवावी, जतनासाठी नव्हे.

आणि म्हणूनच घरातली कॅसेट फेकू नका! इंटरनेटवरच्या प्रतीपेक्षा ती पुष्कळदा मूळ आवाजाच्या जवळ असते. आधी कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही टेप होणार नाही. टेपरेकॉर्डरचे हेड पुसा आणि वायरने संगणकाला जोडा. स्पीकरसमोर मोबाईल धरला तर पंखा आणि गल्लीतली रिक्षाही टेप होते.

फाईलला नाव देताना आधी साल, मग महिना, तारीख, गाव, गायक किंवा वक्ता. ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण, हे वस्तीतल्या आजी-आजोबांना ऐकवून विचारा आणि लिहून ठेवा. किती तरी आवाज ओळखणारी माणसे आता थोडी उरली आहेत. नाव नसलेला आवाज उद्या कुणाचाच राहत नाही.

शेवटी, प्रती तीन असाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. वर्षातून एकदा तिन्ही वाजवून पाहाव्यात. भीमजयंतीची तयारी सुरू होते तो दिवस त्यासाठी धरला, तर विसर पडणार नाही.

प्रत्येक विहारातल्या दोन मुला-मुलींनी हे काम शिकून घेतले, तरी पुरे. माणगावचा आवाज आपल्याला मिळाला नाही. आजचा आवाज मात्र आपल्याच हातात आहे.