आकडा बदलला, आता कोणाकोणाला कळवायचं?

वेब-पेजवर एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे कोणी बदलायचे? प्रश्न किरकोळ वाटतो, पण इंटरफेस लिहिताना बराचसा वेळ यातच जातो. आपल्यापैकी अनेकजण मुळात प्रोग्रामर नाहीत, तरी स्वतःचा डेटा बघायला छोटी पानं बनवतात. अशा पानावरचा आकडा आपण पेपरात टाकतो, सहकाऱ्यांना पाठवतो. म्हणून तो बरोबर असण्याची हमी कुठून येते, हे माहीत असलेलं बरं.

एक साधं उदाहरण घेऊ. चार मोजमापं आहेत: १०, २०, ३०, ४०. वर एक स्लायडर आहे. त्यावर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान मोजमापं गाळायची. खाली तीन आकडे दिसतात: बेरीज, संख्या आणि सरासरी.

पहिला मार्ग म्हणजे हाताने कळवणं. स्लायडर हलला की बेरीज बदल, संख्या बदल, सरासरी बदल, असं ओळीने लिहायचं. सहा महिन्यांनी कोणीतरी त्यात मध्यक जोडतं, पण कळवायच्या यादीत त्याचं नाव घालायचं राहतं. पान चालू राहतं, मध्यक मात्र शिळा. दुसरा मार्ग २०१३ साली आलेल्या रिअ‍ॅक्टने लोकप्रिय केला: काहीही बदललं की तो कम्पोनंट आणि त्याच्या पोटातले कम्पोनंट पुन्हा चालवायचे, जुन्या-नव्या मांडणीची तुलना करायची आणि फरक तेवढा स्क्रीनवर उतरवायचा. यात विसरायला जागा कमी, पण न बदललेल्या गोष्टींचाही हिशेब पुन्हा होतो.

सिग्नल हा तिसरा मार्ग, आणि तो आपण सगळ्यांनी वापरलेला आहे – स्प्रेडशीटमध्ये. एका खान्यात आकडा, दुसऱ्यात सूत्र. आकडा बदलला की सूत्राचा खाना आपोआप बदलतो. सिग्नल म्हणजे आकड्याचा खाना, कम्प्युटेड म्हणजे सूत्राचा खाना. तिसरा प्रकार इफेक्ट: तो हिशेब करत नाही, बाहेरच्या जगात काहीतरी करतो. स्क्रीनवरचा मजकूर बदलतो, आलेख काढतो, सर्व्हरला पाठवतो.

मग कोण कोणावर अवलंबून आहे, हे कळतं कसं? युक्ती सोपी आहे. एखादं सूत्र चालायला लागलं की ‘आत्ता मी चालतोय’ अशी नोंद होते. त्या वेळात जो जो सिग्नल वाचला जाईल, तो त्या सूत्राचं नाव आपल्या वहीत लिहून घेतो. यादी हाताने ठेवायची गरजच नाही. वाचलं म्हणजे नोंद झाली. सूत्र पुन्हा चाललं की नोंदही ताजी होते. त्यामुळे ‘आलेख दाखवायचा असेल तरच हे वाच’ अशी अट असली, तर आलेख बंद असताना त्याच्यासाठी उगाच काम होत नाही.

आता खरी गोम. समजा, वहीतल्या प्रत्येकाला लगेच कळवून त्याचा हिशेब तिथल्या तिथे करून घेतला. मर्यादा ० वरून १५ केली. १० गळाला. बेरीज १०० ची ९० झाली, आणि तिने लगेच सरासरीला उठवलं. पण संख्येपर्यंत निरोप अजून पोचलेलाच नाही, ती ४ वरच आहे. सरासरी आली २२.५. क्षणभराने संख्या ३ झाली आणि सरासरी ३० झाली. सर्वांत लहान मोजमाप गाळल्यावर सरासरी २५ वरून वर जायला हवी. इथे ती आधी खाली गेली! याला ग्लिच म्हणतात. स्क्रीनवर तो डोळ्यांना दिसणारही नाही. पण सरासरीवर बसलेला इफेक्ट जर सूचना पाठवत असेल किंवा आकडा साठवत असेल, तर २२.५ कायमचा नोंदवला गेला.

चांगल्या सिग्नल लायब्ररी हे दोन फेऱ्यांत सोडवतात. पहिल्या फेरीत हिशेब होत नाही. फक्त ‘तुझा आकडा शिळा झाला असेल’ एवढा निरोप खालपर्यंत जातो. दुसऱ्या फेरीत ज्याला आकडा हवा, तो मागतो. सरासरी मागितली की ती आधी बेरीज आणि संख्या दोन्ही ताज्या करून घेते, मगच भागाकार करते. उत्तर थेट ३०. शिवाय मर्यादा १५ ची १७ केली, तर निवडलेल्या मोजमापांत फरक पडत नाही. बेरीज आणि संख्या तीच आली की निरोप तिथेच थांबतो, आणि सरासरीचा हिशेब पुन्हा होतच नाही.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. नोंद फक्त सूत्र सलग चालू असताना होते. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून नंतर वाचलेला सिग्नल सहसा वहीत येत नाही. यादी तीच ठेवून तिच्यात गुपचूप एक मोजमाप घातलं, तर साध्या सिग्नलला पत्ताच लागत नाही. नवी यादी द्यावी लागते. कम्पोनंट पानावरून काढला की त्याचे इफेक्टही बंद करायला हवेत, नाहीतर ते मागे चालूच राहतात. बरीच फ्रेमवर्क हे स्वतः करतात. नुसते वेब कम्पोनंट लिहिताना ते आपलं काम. आणि जे सूत्राने मिळतं, ते इफेक्टमधून दुसऱ्या सिग्नलमध्ये लिहू नये. तसं केलं की ग्लिच मागच्या दाराने परत येतो.

कल्पना नवी नाही. व्हिजिकॅल्क १९७९ चं, नॉकआउट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी २०१० ची. मधल्या काळात मागे पडलेली ही पद्धत सॉलिडने पुन्हा चर्चेत आणली. २०२२ मध्ये प्रिअ‍ॅक्टने आणि २०२३ मध्ये अँग्युलरने सिग्नल आणले. जावास्क्रिप्टचं प्रमाणीकरण करणाऱ्या टीसी३९ समितीपुढे सिग्नल भाषेतच आणायचा प्रस्ताव आहे. २०२४ मध्ये तो पहिल्या टप्प्यावर पोचला. त्यात आकडा आणि सूत्र यांचे नियम आहेत, इफेक्ट कधी चालवायचे हे मात्र फ्रेमवर्कवर सोडलं आहे. तेही बरोबरच: हिशेबाचं उत्तर सगळीकडे एकच हवं, ते कधी दाखवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

तेव्हा पुढचं पान बनवताना आधी कागदावर दोन रकाने आखा: कोणते आकडे आपण देतो आणि कोणते त्यांच्यातून निघतात. दुसऱ्या रकान्यातली एकही गोष्ट हाताने साठवू नका. लायब्ररी कुठलीही घ्या, निम्मं काम तिथेच होतं.