शाळेचे ‘आम्ही’ आणि समुपदेशकाचे ‘आपण’

विद्यार्थ्याच्या प्रगतीत कुटुंबाचा वाटा मोठा असतो, याविषयी शिक्षणशास्त्रज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. जॉइस एपस्टाइन यांनी शाळा व कुटुंब यांच्या सहकार्याचे सहा प्रकार सांगितले, त्यांत परस्परसंवादाला स्वतंत्र स्थान आहे. शालेय समुपदेशकाचे काम बहुतांशी तेथेच सुरू होते. मात्र हा संवाद कोणत्या शब्दांत व कोणत्या व्याकरणिक रूपांत घडतो, याचा विचार क्वचितच केला जातो.

‘पाल्याच्या अनुपस्थितीबाबत खुलासा करण्यासाठी पालकांनी समक्ष हजर राहावे,’ अशा धाटणीची चिठ्ठी मराठी शाळांना अपरिचित नाही. हे मराठी अशुद्ध नाही. पण ते कचेरीचे आहे. ‘पाल्य’ म्हणजे ज्याचे पालन करावयाचे तो. कोणतीही आई आपल्या मुलीला घरात पाल्य म्हणत नाही. ‘खुलासा’ आणि ‘समक्ष हजर’ हे शब्द तिच्या कानावर पडलेले असतात ते सरकारी नोटिशीतून. शिवाय विध्यर्थी क्रियापदामुळे राहावयाचे कोणी ते कळते, सांगणारा मात्र अदृश्यच राहतो. खुद्द ‘समुपदेशन’ या संज्ञेच्या पोटातही ‘उपदेश’ आहे. कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या आपल्या ग्रंथात ऐकून घेण्याला सल्ल्याहून वरचे स्थान दिले; मराठी संज्ञेने पालकाला नेमके उलटे सुचवावे, हा योग चमत्कारिकच म्हटला पाहिजे.

समजा, आठवीतील एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आलेली नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापुरते आहे. तेव्हा या टप्प्यावर सुटलेली शाळा पुष्कळदा कायमचीच सुटते. आई भेटीला आली आणि समुपदेशकाने विचारले, ‘मुलगी शाळेत का येत नाही?’ अशा प्रसंगी ‘का’ हे प्रश्नार्थक पद राहत नाही. तो जाब ठरतो. आई ‘बरं नव्हतं’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी ‘सकाळी घरात कोण कोण असतं? कामावर किती वाजता निघावं लागतं?’ असे विचारले, तर आई सातला कामावर जाते आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मुलगी मागे राहते, हे सहज बोलण्यात येते. अडचण कळली की अंगणवाडीची वेळ, शेजारीण, आजी असे मार्ग तरी शोधता येतात.

प्रश्नांची रीत समाजागणिक बदलते, हे शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेतील कॅरोलिना प्रदेशात दीर्घकाळ निरीक्षण करून दाखविले. त्यांचा ग्रंथ 1983 साली प्रसिद्ध झाला. ‘ट्रॅक्टन’ या कल्पित नावाने वर्णिलेल्या कृष्णवर्णीय कामगारवस्तीत, स्वतःला उत्तर ठाऊक असलेले प्रश्न मोठी माणसे मुलांना सहसा विचारीत नसत. शाळेत मात्र असेच प्रश्न येत, आणि मुले गप्प बसत. शिक्षकांनी घरच्या धर्तीचे प्रश्न वर्गात आणले तेव्हा तीच मुले बोलू लागली. मुलांच्या बाबतीत जे दिसले, त्याचा विचार पालकांशी बोलतानाही व्हावयास हवा.

येथे मराठीचे एक वैशिष्ट्य समुपदेशकाच्या मदतीस येते. हिंदीच्या ‘हम’मध्ये नसलेला भेद मराठीत आहे: ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही शाळेतर्फे सांगत आहोत’ या वाक्याने आई कुंपणाबाहेर राहते. पण नुसते ‘आपण’ वापरूनही भागत नाही, कारण तेच सर्वनाम आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही आहे. ‘आपण मुलीकडे लक्ष द्यावे’ यात आदर आहे, सोबत नाही. ‘आपण यातून वाट काढू’ यात सोबत आहे. फरक सर्वनामाने नव्हे, क्रियापदाने पडतो.

मेळघाटात प्रश्न अधिक बिकट होतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. पालकाला मराठी बेताचेच येत असेल, तर दुभाषा म्हणून बहुधा मुलालाच उभे केले जाते. स्वतःविषयीची तक्रार स्वतःच बापाला सांगण्याची पाळी त्या मुलावर येते. तो ती सौम्य करील, गाळील, किंवा लाजेने गप्प राहील. आणि वडीलधाऱ्याला धाकट्याच्या तोंडून शिकावे लागल्याचा सल बापाला राहील तो वेगळाच. गावातील एखादी जाणती व्यक्ती दुभाषी म्हणून मिळविणे हे म्हणूनच समुपदेशकाचे पहिले काम ठरते. कोरकूत तर समावेशक-असमावेशक हा भेद द्विवचनातही आहे. ‘तू आणि मी, दोघे’ यासाठी स्वतंत्र रूप आहे. तेवढे एक रूप समुपदेशकाने शिकून घेतले, तरी भेटीचा सूर पालटू शकेल.

वरच्या चिठ्ठीचे काय करावे? ती अशीही लिहिता येईल: ‘मुलगी पंधरा दिवस दिसली नाही, म्हणून काळजी वाटली. गुरुवारी कामावरून परतताना शाळेत येता का? की मी घरी येऊ?’ या चिठ्ठीला लिहिणारा आहे, आणि तिच्यातील दोन्ही प्रश्नांची उत्तरे आईलाच ठाऊक आहेत.